चार टेबलं आणि एक हात

माय,

मी आता पत्ते खेळते. तुझ्यासमोर उभं राहून हे म्हणायची माझी छाती झाली नसती, म्हणून कागदावर आधी तेवढंच लिहून टाकलं. रोज दुपारी, कपडे वाळत घातल्यावर, शिलाई मशीनला टेकून बसते आणि टॅब उघडते. टॅब म्हणजे फोनसारखाच, पण पाटीएवढा. त्याच्या काचेचे चार भाग होतात, चारही भागांत एकेक गोल टेबल, आणि प्रत्येक टेबलाभोवती कुठल्याकुठल्या गावची न दिसणारी माणसं. खेळाचं नाव पोकर. दोन पत्ते आपल्याला झाकून मिळतात, पाच मध्ये उघडे पडतात, आणि ज्याची पाच पत्त्यांची जुळणी सगळ्यांत चांगली त्याचा डाव. मधल्या वेळात चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, लावायच्या, वाढवायच्या, नाहीतर पत्ते टाकून गप बाजूला व्हायचं. मी हे चार टेबलांवर एकाच वेळी करते. पन्नाशी लागली मला. तू गेलीस त्या वयाच्या पुढे मी केव्हाच निघून आले.

तुला पत्त्यांचा राग होता आणि तो कुठून आला होता ते मला ठाऊक आहे. आलापल्लीच्या रेस्ट हाऊसचं ते मागचं स्वयंपाकघर मला अजून वासासकट आठवतं. ओल्या सागाच्या ढलप्यांचा धूर, तुझ्या लुगड्याला लागलेला फोडणीचा वास. समोरच्या व्हरांड्यात साहेब लोकांचा डाव बसलेला असायचा, आणि तो उठेपर्यंत पानं वाढता येत नसत. तू भात निखाऱ्यावर ठेवायचीस, उतरवायचीस, पुन्हा ठेवायचीस. घरी जाऊन आमचं करायचं राहिलेलंच असायचं. "त्याइचा डाव सरत नाई अन् माह्यी चूल विझत नाई," असं तू भिंतीला सांगत असायचीस. साहेबांनी फेकलेला एक जुना कॅट आम्हा बहीण-भावांना सापडला तेव्हा आम्ही लाकडांच्या ढिगाऱ्यामागे बसून खेळत होतो. खेळत म्हणजे काय, तो पत्ते उभे करायचा आणि मी पाडायची. तू आलीस, माझ्या पाठीत एक धपाटा घातलास, त्याला हात लावला नाहीस. मी म्हटलं, मलेच काऊन? तर म्हणालीस, "तो लहाना आहे, त्याले काय समजते. तुले समजते." पत्ते चुलीत गेले. मी पुष्कळ दिवस तुझ्यावर रुसले होते.

आणि मग त्याला मुदतीचा ताप आला. अहेरीच्या दवाखान्यात तो पडून होता, डोळे खोल गेलेले, रडायचंही त्राण नाही, नुसता छताकडे बघत राहायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तू कामावरून आलीस आणि पदराची गाठ सोडून त्याच्या उशाशी पत्त्यांचा कॅट ठेवलास. तू, माय. साहेबांचाच जुना होता, मागून आणलेला. त्यात दोन पत्ते कमी होते म्हणून तू चहापत्तीच्या खोक्याचे तुकडे कापून ते केले होतेस. चौकटची नव्वी कुंकवानं रंगवली होतीस, आणि किलवरची राणी कोळशानं. त्या राणीच्या नाकात नथ होती आणि डोक्यावर पदर. मागच्या बाजूला चहाचं चित्र तसंच राहिल्यामुळे राणी कोणाच्या हातात आहे ते सगळ्यांना लांबूनच दिसायचं. तरी तो ती लपवायचा, आणि आपण दोघी आपल्याला कळलं नाही असं दाखवायचो. त्यानंतर तू पत्त्यांबद्दल कधी काही बोलली नाहीस. तुझा राग गेला होता की आमच्यासाठी तू तो गिळलास, हे विचारायचं राहून गेलं.

तू गेलीस तेव्हा तो बारावीला होता आणि माझं लग्न होऊन मी भद्रावतीला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आलेली होते. शेवटी शेवटी तू मला एवढंच म्हणालीस, "तो बोलत नाई फार. त्याच्यापाशी बसत जाजो." मी हो म्हटलं. पण माय, धडधाकट माणसापाशी जाऊन कोण बसतं? त्यानं चंद्रपुरात डिप्लोमा केला, गडचांदूरच्या एका सिमेंट कारखान्यात कंट्रोल रूममध्ये लागला. भिंतभर पडदे असत म्हणे, कुठं भट्टी, कुठं चक्की, कुठं पट्टा, आणि हा खुर्चीत बसून सगळ्यांकडे एकदम बघणार. रक्षाबंधनाला यायचा, दिवाळीला यायचा, जेवायचा, झोपायचा, जायचा. लग्नाचं एकदोनदा जमता जमता फिसकटलं, मग त्यानंच नको म्हटलं. पोकर तो तिथल्या खोलीवर एकटा असताना शिकला. लॅपटॉपवर सहा-सहा टेबलं लावून बसायचा. थोडक्याच पैशांनी खेळायचा म्हणे. मला हे काही माहीत नव्हतं. माझ्या भावाबद्दल मला जे माहीत आहे त्यातलं निम्म्याहून जास्त मला तो आजारी पडल्यावर कळलं.

त्याची किडनी गेली, माय. दोन्ही. पायांना सूज येत होती, तो म्हणत राहिला की ड्यूटीत बसून बसून येते. चंद्रपूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी कागद पाहिले आणि मला बाहेर बोलावलं. मी माझी एक देते म्हटलं. माझ्या तपासण्या झाल्या आणि माझ्याच रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, तुमची घेता येणार नाही. मी त्यांच्यासमोर हुज्जत घालत बसले, जशी काही ती भाजीच्या दुकानातली गोष्ट होती. नोकरी सुटली, तो सामान घेऊन आमच्याकडे आला, आणि आठवड्यातून तीनदा आम्ही दोघं कॉलनीच्या गेटवरून एसटी धरून चंद्रपूरला डायलिसिसला जायला लागलो. तिथं त्याच्या डाव्या हातात दोन जाड सुया घालायचे, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत, आणि चार तास तो हात हलवायचा नाही. पहिले काही दिवस मी नुसती स्टुलावर बसून होते. यंत्राकडे बघायचं, त्याच्याकडे बघायचं, भिंतीकडे बघायचं. बोलायचं काय? बोलायची सवयच नव्हती आम्हाला.

मग एक दिवस तो पिशवीतून टॅब घेऊन आला. उजव्या हातानं पोटावर धरला, पण एका हातानं धरणार कशानं आणि दाबणार कशानं? दोनदा तो खाली घसरला. मी उचलून दिला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बाई, तू माहा डावा हात हो."

"म्हणजे काय करू?"

"मी सांगतो तिथी बोट लाव. बाकी काई नाई."

असं सुरू झालं. एकच टेबल. तो सांगायचा, मी बोट लावायची. काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. पहिल्याच दुपारी तो म्हणाला, "टाक." मी समजले, चिप्स टाक. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या मी मध्ये ढकलल्या. त्याला म्हणायचं होतं, पत्ते टाक! तो काचेकडे बघतच राहिला, आणि मग इतका हसला, इतका हसला, की हात हलला, सुई सरकली, यंत्र कोकलायला लागलं. सिस्टर धावत आली. "भाऊ, लहान आहे का तुम्ही? अन् ताई, तुम्ही तरी!" ती ओरडून गेल्यावरही त्याचं पोट हलत होतं. तो शेवटचा असा कधी हसला होता ते मला आठवेना. त्या दिवसापासून आम्ही शब्द ठरवून घेतले. पत्ते टाकायचे असले तर "सोड". समोरच्यानं लावलं तेवढंच द्यायचं असलं तर "दे". नाहीतर "वाढव". "टाक" हा शब्द आमच्यात बंद झाला.

बाजूच्या पलंगावर एक चाचा असायचे. चंद्रपुरात त्यांचं पलंग-कपाटांचं दुकान होतं. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, आणि चौकशीची भारी हौस. दर वेळी विचारायचे, "कौन जीत रहा है, बेटी?" मी म्हणायची, मले नाई समजत चाचा, मी तर मजूर आहे. ते म्हणायचे, "मजूर को ही सब समझता है, बताता नहीं." हळूहळू मला खरंच समजायला लागलं. त्यानं "सोड" म्हणायच्या आधीच माझं बोट तिकडे जायला लागलं. एकदा त्याचा रक्तदाब उतरला, तो डोळे मिटून घामाघूम पडला, सिस्टर पलंगाचं डोकं खाली करून पाय वर करत होती, आणि टेबलावर त्याची पाळी आलेली. मी विचारलं नाही. राजा-राणी होते हातात, पण पुढच्या माणसानं दोनदा वाढवलं होतं. मी सोडले. त्याला बरं वाटल्यावर त्यानं मागचे डाव उघडून पाहिले. त्या माणसाकडे दोन एक्के होते. त्यानं टॅब माझ्या मांडीवर ठेवून दिला आणि म्हणाला, "आता तू खेळ. मी सांगन."

मग त्यानं मला शिकवलं, माय. तू भाकरी शिकवली होतीस तसंच, न बोलता बघत, आणि चुकलं की मगच बोलत. एक टेबल नीट जमल्यावर दुसरं उघडलं. दोन टेबलं म्हणजे मला दोन लेकरं दोन विहिरींच्या काठावर ठेवल्यासारखं वाटायचं, एकाकडे बघावं तर दुसरं पडेल. ज्या टेबलावर आपली पाळी ते उजळतं आणि भोवतीची रेघ जळत जळत कमी होते. ती संपली की पत्ते आपोआप सुटतात. मी घाबरून कुठंही बोट लावायची. तो म्हणाला, "तू सगळीकडेच काऊन पाह्यतं? दहातले आठ डाव सोडाचेच राह्यते. ते पाह्यल्याबरोबर सोड. म्हणजे जो डाव खेळाचा आहे त्याच्यासाठी टाइम उरते." सोपं आधी उरकायचं, कठीण जागी घड्याळ वापरायचं. तिसरं टेबल आलं, तेव्हा मी त्याला विचारलं की कारखान्यात एवढे पडदे कसा बघायचास. म्हणाला, बघायचो नाही. सगळं ठीक असलं की पडदे गप असतात, जे बिघडतं ते आपोआप डोळ्यात येतं. मग म्हणाला, "माहे पाय सुजले ते तेवढं नाई आलं डोळ्यात."

चौथं टेबल आलं तेव्हा उन्हाळा होता. चंद्रपूरचा मे तुला सांगायला नको. रस्ता चुलीसारखा, आणि याला दिवसाला मोजून पाणी. एक छोटी बाटली. सकाळी भरून द्यायची आणि संध्याकाळपर्यंत त्यात भागवायचं, कारण जेवढं पाणी तेवढी अंगावर सूज. तो बर्फाचा खडा गालात धरायचा. एसटीत पुढच्या सीटवरचं पोर घटाघटा पाणी प्यायचं आणि हा खिडकीबाहेर बघायचा. मी त्याच्यासमोर पाणी पिणं सोडलं होतं, तर त्यानं ते ओळखलं आणि मला रागावला. पण चार टेबलं चालू असली की त्याला तहान आठवत नसे. तो माझ्यापेक्षा माझ्या खेळात जास्त गुंतलेला असायचा. हसून सांगायचा चाचांना, "हमारी बाई अब चार जगह एक साथ बैठती है." आणि मग त्यांना तुझ्या राणीची गोष्ट सांगितली त्यानं, चहाच्या खोक्याच्या. "उसको छुपा ही नहीं सकते थे," म्हणाला. चाचा बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, तुमची आई असती तर आज मी त्यांच्या हातचं जेवायला आलो असतो.

एका सोमवारी चाचांचा पलंग रिकामा होता. सिस्टरनं चादर बदलली, दुसरं कोणी आलं, त्याला सुया लावल्या. आम्ही विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. मी टेबलं उघडली आणि वेड्यासारखी खेळायला लागले. जिथं सोडायचं तिथं वाढवत होते, एका ठिकाणी हरले की लगेच दुसऱ्या ठिकाणी सगळं मध्ये ढकलत होते. त्यानं उजवा हात लांबवून टॅब माझ्या मांडीवर पालथा घातला.

"आज नाई."

"काऊन?"

"एका टेबलाचा राग दुसऱ्या टेबलावर नेऊन राह्यली तू. तिथल्या माणसानं तुह्य काय केलं?"

मी त्याच्यावर चिडले. म्हटलं, तू नको शिकवू मले, तू पडला आहेस तिथी अन् मी बसली आहे इथी. परतीच्या एसटीत आम्ही एक शब्द बोललो नाही. भद्रावतीची टेकडी दिसायला लागल्यावर त्यानं माझा पदर ओढला, लहानपणी ओढायचा तसा, आणि म्हणाला, "चाचा चांगले होते." मी म्हटलं, हो. तेवढंच.

त्यानंतर काही दिवसांनी कायदा आला आणि पैशाची सगळी टेबलं बंद झाली. मला वाटलं, हा खचेल. तो फक्त म्हणाला, बरं झालं, पोरं बरबाद होऊन राह्यली होती. आणि फुकटच्या चिप्सची टेबलं उघडून माझ्या हातात दिली. तिथं मजा नव्हती. चिप्स फुकटच्या, त्यामुळे कोणी पत्ते सोडायलाच तयार नाही, सगळे सगळं लावून मोकळे. तो वैतागायचा. तरी आम्ही खेळत होतो. जाण्या-येण्यात, सुयांमध्ये, वजनाच्या काट्यावर उभं राहण्यात आता एक रीत बसली होती.

पावसाळा सरला तसा त्याचा रक्तदाब दर वेळी उतरायला लागला. यंत्र लावलं की अर्ध्या तासात काढावं लागे. डॉक्टर चांगले होते. त्यांनी आम्हाला दोघांनाही बसवून सांगितलं की हृदय थकलंय, आता मशीन यांचं शरीर सोसत नाही. घरी न्या. मी विचारलं, पथ्य काय? ते म्हणाले, काही नाही, जे मागतील ते द्या. तेव्हा मला समजलं. त्याला माझ्या आधी समजलं होतं. तो डॉक्टरांना म्हणाला, "पाणीबी?"

घरी आल्यावर त्यानं माठातलं पाणी मागितलं. मी लोटाभर दिलं. तो सावकाश प्यायला, मध्ये थांबला, पुन्हा प्यायला, आणि लोटा पुढं केला. मी दुसरा भरून दिला. त्याचे डोळे मिटलेले होते आणि हनुवटीवरून पाणी गळत होतं. मी मोरीत जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला उशांना टेकवून बसवला होता. श्वास वर वर चालला होता. मी टॅब त्याच्यापुढं धरला आणि म्हटलं, घे, आता तुह्ये दोन्ही हात मोकळे आहेत. त्यानं डावा हात उचलून पाहिला, नुसता, उलटा-सुलटा. मग म्हणाला, "नाई. तू खेळ. मी पाह्यतो." मी चारही टेबलं लावली. तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बघत होता. बऱ्याच वेळानं एकदा म्हणाला, "सोड." मी सोडले. मग म्हणाला, "बरोबर." मी तर त्यानं सांगितलेलंच केलं होतं. मी तशीच खेळत राहिले, कारण हललं तर त्याला जाग येईल असं वाटत होतं. हे फॅक्टरीतून आले, दारात थांबले, आमच्याकडे पाहिलं आणि चप्पल न काढताच आत आले. त्यांनीच माझ्या हातातून टॅब काढून घेतला. टेबलं चालूच होती, माय. माझी पाळी येत होती आणि रेघा जळत होत्या.

हे तुला सांगायला मी इतके महिने लावले. तुला कळलं नसेल असं नाही, तिकडे त्याची आणि तुझी भेट होत असेल तर त्यानंच सांगितलं असेल. पण तू मला त्याच्यापाशी बसायला सांगितलं होतंस, म्हणून मीच सांगणं भाग होतं. हा कागद शिलाई मशीनच्या खणात ठेवीन. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता वाचून दाखवायलाही कोणी नाही.

लोक मला म्हणतात, बाई, भावासाठी फार केलं तुम्ही, फार कष्ट उपसले. मी मान हलवते. त्यांना सांगता येत नाही ते तुला सांगते. आठवड्यातले ते तीन दिवस, माय, मी त्यांची वाट पाहायची. आदल्या संध्याकाळीच पिशवी भरून ठेवायची. त्याला सुया टोचायच्या असत, तो त्या दिवसांना भ्यायचा, आणि मी सकाळी उठून नीट वेणी घालायची, धुतलेली साडी काढायची. एसटीला उशीर झाला तर माझा जीव वरखाली व्हायचा. एवढ्या आयुष्यात मी इतकी खूश कधीच नव्हते.